महत्त्वाच्या बाबी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ या म्हणीचा अर्थ सांगा, असा प्रश्न मी गेली एकतीस वर्षे सातवीच्या मुलांना घालत आलो. मुले ठरलेले उत्तर लिहितात आणि मी ठरलेला गुण देतो. पण खरे सांगायचे तर या म्हणीतला अर्धाच अनुभव माझ्या गाठीशी होता. लग्न करून पाहिले, स्वतःचे आणि पुढे लेकीचेही. घर मात्र मी बांधलेही नाही आणि विकतही घेतले नाही. शहापुरात आजोबांनी १९३६ साली बांधलेले मंगळुरी कौलांचे घर वडिलांच्या मागे आम्हा तिघा भावांना आयते मिळाले. आयत्या मिळालेल्या वस्तूची जी काळजी माणूस घेतो, तेवढीच आम्ही घेतली.

२०२५ च्या संक्रांतीला टोकियोहून लेकीचा फोन आला. तिळगुळाचे बोलणे झाले, आईच्या गुडघ्याची चौकशी झाली आणि मग ती हळूच म्हणाली, “अप्पा, आम्ही घर घ्यायचं म्हणतोय. एक बघितलंय. थोडं जुनं आहे.”

“थोडं म्हणजे किती?”

“माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठं.”

लेक तिशीची. म्हणजे घर चाळिशी ओलांडलेले. मी गप्प राहिलो. जपान म्हणजे सगळे नवे, चकचकीत, अशी माझी समजूत. त्यात भूकंपांचा देश. तिथे इतक्या लांब जाऊन पैसे मोजायचे आणि जुने घ्यायचे, हे कुठले शहाणपण? पण माझ्या गप्प राहण्याचे खरे कारण ते नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात जो पाऊस कोसळला, त्यात आमच्या घराची परसदारची भिंत बसली. भाऊ म्हणाले, “पुढं बघू.” मीही तेच म्हणालो. मात्र मी मनात एक हिशेब मांडून ठेवला होता. पोरे चार-सहा वर्षे तिकडे कमावतील, परत येतील आणि मग या घराचे काहीतरी होईल. हा हिशेब मी कोणापाशी बोललो नव्हतो, सौ.पाशीही नाही.

म्हणून म्हटले, “सुट्टीत मी येतो, स्वतः बघतो. तोवर सही करू नका.” वडिलकीचा अधिकार गाजवायची तेवढीच एक जागा उरली होती.

एप्रिलमध्ये परीक्षांचे काम उरकून आम्ही उभयता टोकियोला पोचलो. लेक-जावई निशी-कासाई भागात भाड्याने राहतात. हा भाग एदोगावा प्रभागात, समुद्रालगत. तिथले रेल्वे स्टेशन १९७९ साली सुरू झाले आणि त्यानंतर भोवतीची वस्ती वाढली. २००० च्या सुमारास संगणक क्षेत्रातली भारतीय मंडळी मोठ्या संख्येने येथे उतरली आणि आज टोकियोतली भारतीय वस्ती म्हणजे निशी-कासाई असेच समीकरण झाले आहे. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ. बागेत फिरताना ‘अगं, हळू धाव’ अशी हाक कानी पडली की आपण नक्की कुठे आहोत, असा क्षणभर प्रश्न पडे.

पहिला धडा शब्दाचा मिळाला. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीतल्या फ्लॅटला तिकडे ‘मानशोन’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द हवेलीचा, पण त्यात सव्वाशे चौरस फुटांची एकटी खोलीसुद्धा मोडते! जुन्या, म्हणजे दुसऱ्या हाती विकल्या जाणाऱ्याला ‘चूको’. खोल्यांचे माप ताताम्या चटयांवर सांगतात, सहा चटयांची खोली, साडेचार चटयांची खोली. किमती ‘मान’मध्ये, आणि एक मान म्हणजे दहा हजार. ‘तीन हजार चारशे मान’ असे कोणी म्हटले की मी खिशातला कागद काढून तीन कोटी चाळीस लाख येन, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये, असे उतरवून घेई. वर्षेही सम्राटांच्या कारकिर्दीवर मोजतात. शोवा ५९ म्हणजे १९८४. आपल्या शकाला ७८ मिळवायची सवय असलेल्या माणसाला हे जड गेले नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीने मला फोनवर सांगितलेली इमारत बाहेरूनच दाखवली. देखणी होती. विटकरी फरशा, दारात अझेलियाचे ताटवे.

“ही घेतली नाही,” ती म्हणाली.

“का? मला आवडली की.”

मग तिने रस्त्याच्या कडेला उभे राहून मला जे सांगितले, ते असे. १९७८ मध्ये मियागी भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर जपानने इमारतींचे भूकंपविषयक नियम कडक केले आणि ते १ जून १९८१ पासून लागू झाले. जुन्या नियमांची घरे आणि नव्या नियमांची घरे अशी बाजारातही तेव्हापासून फाळणी झाली. १९९५ च्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला, तेव्हा जुन्या नियमांच्या इमारतींचे नुकसान तुलनेने कितीतरी जास्त झाले. ही इमारत पुरी झाली मार्च १९८२ मध्ये. म्हणजे नव्या नियमांतली, असे कोणालाही वाटावे. पण मोजायची ती पुरी झाल्याची तारीख नव्हे, बांधकामाचा परवाना मिळाल्याची तारीख. परवाना होता १९८० चा.

“आणि हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मीच विचारलं. मग त्यांनी कागद दाखवला.”

मला एकदम किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. मी तेव्हा बी.एड. करत होतो. आम्ही विद्यार्थ्यांनी गल्लोगल्ली फिरून कपडे आणि धान्य गोळा केले होते. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या, असे आम्ही वाचत होतो आणि रात्री घरी येऊन तशाच जाड भिंतीला पाठ लावून निजत होतो. आपली भिंत कोणत्या वर्षीची, कशाची, याचा विचार तेव्हाही मनाला शिवला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरी इमारत पाहायला गेलो. सात मजले, ६२ घरे, शोवा ५९, आणि परवानाही नव्या नियमांचा. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. जाहिरातीत ५८ चौरस मीटर, उताऱ्यावर ५५. कारण जाहिरातीत भिंतीच्या मध्यापासून मोजतात आणि उताऱ्यावर आतल्या अंगाने. पण लेकीने मला वर नेण्याआधी खाली सायकलींचा तळ दाखवला, टपालाच्या पेट्या दाखवल्या, कचरा ठेवायची खोली दाखवली आणि सूचनाफलकापाशी उभे केले.

“घर वर आहे ना?” मी म्हणालो.

“अप्पा, इथं म्हणतात, मानशोन घेताना तिची देखरेख विकत घ्या.”

सायकली एका रांगेत, प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी. फलकावर मागच्या सभेचा वृत्तान्त, पाण्याची टाकी धुण्याची तारीख, अग्निशामक तपासणीची तारीख. काढायच्या राहिलेल्या जुन्या सूचना नाहीत. शाळेच्या फलकाबद्दल शिपायाशी वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्या माणसाला त्या इमारतीबद्दल आदर वाटायला तेवढे पुरे होते.

तिकडची व्यवस्था अशी आहे. १९६२ साली सामाईक इमारतींच्या मालकीचा कायदा झाला. फ्लॅट घेतला की माणूस आपोआप मालकांच्या संघाचा सभासद होतो. नको म्हणायची सोय नाही. दरमहा दोन रकमा भरायच्या. एक झाडलोट, दिवे, उद्वाहन यांच्या खर्चाची. दुसरी दुरुस्तीसाठी साठवायची. त्या इमारतीत पहिली बारा हजार येन आणि दुसरी चौदा हजार, मिळून सुमारे पंधरा हजार रुपये. ही दुसरी रक्कम मला चमत्कारिक वाटली. आज काही मोडलेले नाही, तरी उद्याच्या मोडण्यासाठी आज पैसे ठेवायचे. आणि तेही अंदाजाने नव्हे. संघाकडे पुढच्या तीस वर्षांचा तक्ता होता. गच्चीचे पाणीरोधक थर कधी, बाहेरचा रंग कधी, नळ कधी, उद्वाहन कधी, प्रत्येकाचे वर्ष आणि प्रत्येकाची रक्कम. साधारण बारा-पंधरा वर्षांनी मोठी दुरुस्ती. या इमारतीची १९९७, २०१० आणि २०२३ साली झाली होती. इमारतीभोवती परांची उभारतात आणि कामगार भिंतीची फरशी न् फरशी छोट्या काठीने ठोकून आवाज ऐकतात. पोकळ वाजली की ती बदलायची. आमचे गवंडी भिंत ठोकून बघायचे, ते मला आठवले. फरक एवढाच की आमच्याकडे गवंड्याला भिंत पडल्यावर बोलावतात.

“जिथं ही शिल्लक फार कमी असते, तिथलं घर स्वस्त मिळतं,” जावई म्हणाले. “पण मग दुरुस्तीच्या वर्षी एकदम मोठी रक्कम मागतात, नाहीतर दुरुस्तीच राहते. आणि आधीच्या मालकाने हप्ते थकवले असतील तर ते नव्या मालकाकडून वसूल करता येतात.”

“म्हणजे बाकी घराबरोबर येते.”

“हो. माणसाबरोबर जात नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बराच वेळ राहिले.

आणखी एक गंमत. फ्लॅटचा सज्जा आपला नसतो. वापर आपला, मालकी सगळ्यांची. खिडकीची चौकट आणि दाराची बाहेरची बाजूही सामाईक. दार आतून हवा तो रंग द्या, बाहेरून नाही. आमच्या सोप्यातल्या खांबाला मधल्या भावाने निळा रंग दिला म्हणून मी चार महिने त्याच्याशी अबोला धरला होता. तिकडे असतो तर नियमावलीतले कलम दाखवून मोकळा झालो असतो.

मग तो दिवस आला. खरेदीकरारावर सही करण्याआधी परवानाधारक मध्यस्थाने घेणाऱ्याला ‘महत्त्वाच्या बाबी’ समजावून सांगायच्या, असा तिथे कायदाच आहे. जपानी नाव ‘जूयो जिको सेत्सुमेई’. मध्यस्थाच्या कचेरीत आम्ही चौघे बसलो. पस्तिशीचा एक गृहस्थ आला, वाकून नमस्कार केला, आपला परवाना गळ्यातून काढून समोर धरला आणि एक जाड कागदपत्र उघडून पहिल्या ओळीपासून वाचू लागला. दोन तास वाचत होता. लेक अधूनमधून माझ्या कानाशी मराठीत सांगत होती.

मी गेलो होतो तो मनाची तयारी करून. विकणारा माणूस वाचणार म्हणजे गुणच वाचणार. पण तो वाचत होता ते दोष. नळ २०१० साली बदलले, पण सांडपाण्याच्या नळ्यांना आतून अस्तर दिले आहे, बदललेल्या नाहीत. दुरुस्तीचा मासिक हप्ता पूर्वी सहा हजार होता, तो वाढवत चौदावर आणला, पुढेही वाढू शकतो. कुत्रा-मांजर पाळता येणार नाही. जमिनीची फरशी बदलायची तर संघाची परवानगी हवी, कारण खालच्याला आवाज जाता कामा नये. मग त्याने एक रंगीत नकाशा पसरला. घर विकताना पुराच्या धोक्याचा नकाशा दाखवणे २०२० च्या ऑगस्टपासून तिथे सक्तीचे आहे. एदोगावा प्रभागाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या मे महिन्यात प्रभागाने जो नकाशा घरोघरी वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच प्रभागाच्या चित्रावर लिहिले होते, ‘इथे थांबून चालणार नाही.’ महापूर आला तर वेळीच बाहेर पडा, पाणी ओसरायला एक-दोन आठवडेही लागतील, असे प्रशासन स्वतःच्या नागरिकांना छापून सांगते! त्या गृहस्थाने फ्लॅटच्या जागी बोट ठेवले, पाणी किती चढू शकते ते सांगितले आणि लेकीकडे पाहत थांबला. तिने मान हलवल्यावरच पुढची ओळ वाचली.

वाचकहो, त्या क्षणी मला माझे वडील दिसले. १९७४ साली परसदारच्या बोळाची एक पट्टी शेजाऱ्यांना विकायची होती. खत कानडीत. वडिलांचे शिक्षण सगळे मराठीतून, बाजारात कानडी फडाफडा बोलत, पण अक्षर वाचता येत नव्हते. आपल्या भागात तेव्हा असे घरोघरी होते. कचेरीतल्या लेखनिकाने भरभर वाचले, वडिलांनी मान डोलावली आणि सही केली. दोन वर्षांनी कळले की पट्टीबरोबर विहीरही गेली. शेजारी मराठीच. त्यांनाही ते ठाऊक नव्हते. भले लोक, त्यांनी आम्हाला वीस वर्षे पाणी भरू दिले. पुढच्या पिढीने कुलूप घातले आणि कागद पाहता त्यांचे चूक नव्हते. दोष कानडीचा नव्हता. दोष न समजता मान डोलावण्याचा होता. त्यानंतर वडिलांनी मला कानडी शिकवणी लावली. आज शाळेतली सरकारी परिपत्रके मी कोणाच्या मदतीविना वाचतो, ते त्या विहिरीमुळे.

आणि इथे माझी लेक परक्या देशात, परक्या लिपीत लिहिलेला कागद बोट ठेवून वाचत होती. एका ठिकाणी तिने त्या गृहस्थाला थांबवले आणि काही विचारले. त्याने मागचे पान उघडले, माफी मागितली, तारीख दुरुस्त केली आणि बाजूला शिक्का मारला. मी सौ.कडे पाहिले. तिने पदराने डोळे टिपले होते, कारण तिलाही विहीर आठवली होती.

विकणाऱ्या बाई करारावेळी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पहिल्याच मालकीण, आता मुलाकडे राहायला गेलेल्या. विकणाऱ्याने घराच्या स्थितीचे निवेदन भरून द्यायचे असते. त्यांनी लिहिले होते की १९९६ साली वरच्या मजल्यावरून पाणी गळले होते, दुरुस्त केले. कागद संपल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, “उत्तरेच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाला जूनच्या पावसात बुरशी येते. दार थोडं उघडं ठेवत जा.” हे कोणत्याही रकान्यात नव्हते. सांगितले नसते तरी चालले असते. त्यांनी सांगितले.

शेवटी तो गृहस्थ म्हणाला, “काही शंका?” मी लेकीकरवी विचारले, “ही इमारत अजून किती वर्षं टिकेल?” काँक्रीटच्या घराचे आयुष्य तिथे करआकारणीसाठी ४७ वर्षे धरतात, हे मी ऐकून होतो. तो म्हणाला, ते फक्त हिशेबाचे आयुष्य. खरे आयुष्य देखरेखीवर. पाडून नवी बांधायची तर मालकांच्या पाच-चतुर्थांश मतांनी ठरते. लेकीने भाषांतर करताना हसून सुधारले, “चार-पंचमांश, अप्पा. मीच उलटं बोलले.” इमारत भूकंपाला कमकुवत ठरली तर तीन-चतुर्थांश पुरे, असा बदल तिथल्या संसदेने पुढे २०२५ च्या मे महिन्यात मंजूर केला. म्हणजे कधीतरी ते ६२ जण एका खोलीत बसून ठरवणार, आणि त्यात माझी लेक असणार. परदेशी माणसाला तिथे निवडणुकीत मत नाही. पण इमारतीच्या सभेत आहे.

मध्यस्थाची दलाली किमतीच्या तीन टक्के अधिक सहा मान, त्यावर दहा टक्के कर, म्हणजे ११ लाख ८८ हजार येन. मी कागदावर करून पाहिले, बरोबर होते. विसार दिला गेला. कर्जाचे व्याज एक टक्क्याच्या आसपास. तिथल्या मध्यवर्ती बँकेने उणे व्याजदराचे धोरण मार्च २०२४ मध्ये सोडल्यामुळे ते पुढे वाढेल, हे धरूनच जावयांनी हप्ता ठरवला होता. कर्जदाराचे बरेवाईट झाले तर विम्यातून कर्ज फिटते, हेही वाचून दाखवले गेले. त्या वाक्याला सौ.ने ‘शुभ बोला की’ म्हटले, ते भाषांतर कोणी केले नाही. मग लेकीने पिशवीतून छोटा शिक्का काढला. त्यावर तिचे नाव जपानी लिपीत कोरलेले. लाल शाईत दाबून तिने तो कागदावर उमटवला.

त्या रात्री भाड्याच्या घरात सगळे निजल्यावर लेक चहा घेऊन माझ्यापाशी बसली. म्हणाली, “अप्पा, शहापूरच्या घराचं काय ठरलं?”

मी नेहमीचे उत्तर देणार होतो. पण दिवसभर जे ऐकले होते, त्यानंतर ते तोंडातून निघेना. म्हटले, “ऐक. मीही तुला वाचून दाखवतो.” आणि एकेक सांगितले. परसदारची भिंत सहा वर्षे तशीच आहे, ताडपत्री बांधली आहे. माजघरावरचे वासे वाळवीने खाल्ले आहेत. उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव, वारस लावायचे काम वडील गेल्यापासून राहिले. तिघा भावांत वाटणी नाही आणि दुरुस्तीची एक पैची शिल्लक नाही. शाळेत मी लागलो तेव्हा पाचवीच्या दोन तुकड्या होत्या, आता एक आहे आणि ती भरताना आम्ही घरोघर फिरतो. माझ्या निवृत्तीला तीन वर्षे उरली. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन आज ना उद्या करावे लागणार. आणि शेवटची बाब, तुम्ही परत याल आणि हे सगळे हाती घ्याल, असे मी धरून चाललो होतो. तुला न विचारता.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझीपण एक बाब आहे. आम्ही बहुतेक परत येणार नाही, अप्पा. दोन वर्षं झाली, आमचं ठरलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.”

वाईट वाटले. खोटे कशाला लिहू? पण तिने आधी सांगितले असते तर मी सहा वर्षे ताडपत्रीकडे बघत बसलो नसतो. आणि मी आधी विचारले असते तर तिला दोन वर्षे लपवावे लागले नसते. आमच्या घरात कोणी कोणाला फसवले नव्हते. फक्त कोणी वाचून दाखवले नव्हते.

परत आल्यावर गणपतीला तिन्ही भाऊ जमलो. आरती झाल्यावर सोप्यात मी एक वही उघडली आणि घराच्या बाबी क्रमाने वाचल्या. मधला म्हणाला, “दादा, तू शाळेत हायस काय?” पण उठून गेला नाही. दरमहा प्रत्येकी दोन हजार, असा ठराव मी मांडला. कोल्हापूरच्या धाकट्याने तिथेच पहिले पैसे दिले. मधला म्हणाला, “पुढं बघू.” त्याचे दोन हप्ते थकले आहेत आणि ते मी वहीत लिहून ठेवले आहेत. भांडण म्हणून नव्हे. बाकी घराबरोबर येते, म्हणून. वारस लावायचा अर्ज दिला आहे, कानडीत, मी स्वतः लिहून. भिंतीचा पाया खणून झाला आहे.

वहीत चौथे नाव लेकीचे आहे. मी नको म्हटले होते. ती म्हणाली, “तिथं राहणार नाही, पण सभासद आहे ना?”

मे अखेरीस ती नव्या, म्हणजे जुन्या, घरात राहायला गेली. पावसाळ्यात त्या कपाटाचे दार तिने उघडे ठेवले, बुरशी आली नाही. गेल्या आठवड्यात फोन आला. दिवाळीला सज्जात आकाशकंदील टांगावा म्हणून ती इमारतीच्या देखरेखवाल्यांना विचारायला गेली होती. सज्जा सामाईक, त्यात वाऱ्याने काही उडून खाली पडले तर? ते गृहस्थ थोडा विचार करून म्हणाले, काचेच्या आतल्या बाजूला लावा, बाहेरून दिसेलच.

ती आतून लावणार आहे. आम्ही यंदा परसदारी लावू. तिथे अजून भिंत नाही, त्यामुळे उजेड शेजाऱ्यांच्या विहिरीपर्यंत जाईल.